गोळी कशासोबत घ्यायची? औषधं, जेवण आणि पोटाची जळजळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न किमतीचा. त्याच्या खालोखाल, "ही जेवणाआधी की जेवणानंतर?" गर्दीच्या वेळी आम्ही स्ट्रिपवर पेनाने दोन शब्द खरडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या दोन शब्दांत जे मावत नाही ते इथे सविस्तर लिहिलं आहे. मी फार्मासिस्ट आहे. औषध बदलणं, बंद करणं किंवा डोस कमी-जास्त करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. गोळी कशासोबत आणि कधी घ्यायची, हे मात्र प्रत्येकाला माहीत हवं, कारण पोट बिघडलं म्हणून अर्ध्यात सोडलेली चांगली औषधं मी रोज पाहते.

सगळ्याच गोळ्या जेवणानंतर घेतल्या तर पोट सांभाळलं जाईल ना?

पोट कदाचित सांभाळलं जाईल, पण काही औषधं वाया जातील. थायरॉइडची गोळी, पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी, हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेट आणि टीबीची रिफॅम्पिसिन ही रिकाम्या पोटी नीट काम करणारी औषधं आहेत. ॲलेन्ड्रोनेट तर अन्नासोबत जवळजवळ शोषलीच जात नाही.

दुसऱ्या बाजूला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड या दुखण्याच्या गोळ्या, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, साखरेची मेटफॉर्मिन आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक. यांना पोटात अन्न हवं. कॅल्शियम कार्बोनेटलाही जेवण लागतं, पण वेगळ्या कारणाने: ते विरघळायला जेवणाच्या वेळी सुटणारं आम्ल उपयोगी पडतं.

बीपीच्या ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, सर्दीची सेटिरिझिन आणि साधी पॅरासिटामॉल यांना जेवणाने फारसा फरक पडत नाही. तापात काही खाववत नसेल तर पॅरासिटामॉल पाण्यासोबत खुशाल घ्या. उलट भरल्या पोटी ती जरा उशिरा लागू पडते. फक्त पाकिटावर तिच्याबरोबर ॲसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन लिहिलंय का ते बघा. झिरोडॉल-पी किंवा कॉम्बिफ्लॅम म्हणजे साधी तापाची गोळी नव्हे, त्यात पोटाला लागणारं दुसरं औषध असतं.

"उपाशीपोटी" म्हणजे नेमकं किती वेळ? आणि "जेवणानंतर" म्हणजे?

उपाशीपोटी म्हणजे खाल्ल्यानंतर किमान २ तासांनी किंवा खाण्याच्या १ तास आधी. दुधाचा चहा हे खाणंच धरा. "सकाळी काहीच खाल्लं नव्हतं, फक्त चहा घेतला होता" असं सांगणाऱ्या माणसाची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी झालेली नसते.

जेवणानंतर म्हणजे हात धुवून लगेच, फार तर अर्ध्या तासात. दुपारी १ वाजता जेवून ४ वाजता घेतलेली गोळी "जेवणानंतरची" राहत नाही, तोवर पोट बरंचसं रिकामं झालेलं असतं. "जेवणासोबत" लिहिलं असेल तर दोन-चार घास पोटात गेल्यावर किंवा जेवता जेवता.

"जेवणाआधी" या शब्दाने सर्वांत जास्त घोळ होतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल अर्धा तास आधी, कारण जठरातले आम्ल सोडणारे पंप जेवणाच्या चाहुलीने चालू होतात आणि त्या वेळी औषध रक्तात हजर असावं लागतं. साखरेची ग्लिमेपिराइड मात्र न्याहारीचं ताट समोर आल्यावरच. ती घेऊन तासभर गप्पा मारत बसलात तर साखर धाडकन खाली येऊ शकते. स्ट्रिपवर नुसतं "जेवणाआधी" लिहिलं असेल तर "किती मिनिटं आधी?" हे विचारून घ्याच.

दुखण्याची गोळी घेतली की पोटात आग का पडते?

दोन वेगळ्या कारणांनी, आणि ती दोन्ही समजली तर बरेच गैरसमज मिटतात.

पहिलं कारण सरळ आहे. गोळी जठरात विरघळते तेव्हा ज्या जागी ती टेकते तिथल्या आवरणाला ती थेट झोंबते. पोट रिकामं असेल तर जास्त.

दुसरं कारण रक्तातून येतं. जठर स्वतःच्याच आम्लाने जळू नये म्हणून आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो, आणि तो टिकवायला शरीर प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं तयार करतं. सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करणारी द्रव्यंही त्याच घराण्यातली. ॲस्पिरिन आणि तिच्या भावंडांनी वेदना थांबतात कारण ती या द्रव्यांचं उत्पादन बंद करतात. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. गुडघ्यातलं उत्पादन थांबतं तसं जठरातलंही थांबतं आणि तो संरक्षक थर पातळ होतो.

जेवणाने पहिलं कारण बरंच सौम्य होतं. दुसऱ्यावर जेवणाचा इलाज नाही. "मी नेहमी भरपेट जेवूनच गोळी घेतो, मला अल्सर कसा झाला?" याचं उत्तर इथे आहे. "गोळी सोसत नाही, इंजेक्शन द्या" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं: डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन कमरेत दिलं तरी रक्तातून ते जठरापर्यंत पोचतं.

म्हणून वय ६५ च्या पुढे असेल, आधी अल्सर झालेला असेल, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर नुसत्या खाण्यावर विसंबू नका. अशांना डॉक्टर दुखण्याच्या गोळीसोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात, किंवा दुखण्याचं औषधच बदलतात. पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर धोका आणखी वाढतो. अल्सर नुसत्या तिखटाने आणि काळजीने होतो अशी समजूत असताना ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. वारंवार पोट दुखत असेल तर या जंतूची तपासणी करून घ्यावी, उपचार ठरावीक दिवसांचा असतो.

मग पेनकिलरच्या आधी नेमकं काय खाऊ? पूर्ण जेवण लागतं का?

पूर्ण ताट लागत नाही. पोटात गोळीखाली काहीतरी मऊ, पिठूळ आणि कमी तिखट असावं, एवढंच. घरात नेहमी असणाऱ्या गोष्टी पुरतात: वाटीभर मऊ भात आणि वरण, मुगाची खिचडी, अर्धी भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, एक पोळी, उपमा, इडली, फोडणीत मिरची कमी घातलेले पोहे, रव्याची किंवा नाचणीची खीर. एक पिकलेलं केळंही चालतं आणि प्रवासात तेच सगळ्यात सोयीचं.

कोकण-गोव्यातली उकड्या तांदळाची पेज मला या कामासाठी फार आवडते. आजारी माणसाच्या घशाखाली ती उतरते, पोटात पसरते आणि सोबत पाणीही जातं. देशावर ज्वारीच्या कण्या किंवा गुरगुट्या भात तेच काम करतात. बरोबर चमचाभर तूप चालेल. तुपाने गोळीचा त्रास पूर्ण टळतो असं नाही, पण आजारात तोंडाला चव येते आणि दोन घास जास्त जातात.

काय टाळायचं? त्या वेळेपुरता ठेचा, मिसळीची तर्री, तळलेली भजी-वडे, लोणच्याचा खार, रिकाम्या पोटी लिंबू-चिंच-कोकम. ही काही विषं नव्हेत. पण आधीच झोंबलेल्या जठरावर तिखट-आंबट पडलं की जळजळ वाढते, आणि मग दोष गोळीचा की मिसळीचा हे कळेनासं होतं. खूप तेलकट, जड जेवण पोटात रेंगाळतं आणि घशाशी येतं. "गोळी भारी आहे म्हणून भरपूर जेवलो" हे म्हणून उलटतं.

पाणी विसरू नका. पूर्ण ग्लासभर, साधारण २०० मिली, बसून किंवा उभं राहून. आणि लगेच आडवं होऊ नका.

दुधासोबत गोळी घेतली तर? लहानपणापासून तशीच सवय आहे.

ही सवय बऱ्याच घरांत आहे. आयुर्वेदात औषधासोबत अनुपान सांगतात, कधी मध, कधी दूध, कधी कोमट पाणी, आणि तीच रीत आपण नकळत सगळ्या गोळ्यांना लावतो. आयुर्वेदात मात्र अनुपान औषध पाहून ठरतं, आणि इथेही तसंच करायला हवं.

आयब्युप्रोफेन किंवा प्रेडनिसोलोन दुधासोबत घ्यायला हरकत नाही. पण सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिकं, लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी दुधासोबत घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी जातं. पोटाला त्रास होणार नाही, पण जंतूही मरणार नाहीत.

जळजळीवर थंड दूध हा उपायही तात्पुरता. प्यायल्याबरोबर बरं वाटतं, मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. एखाद्या वेळी ठीक, रोजचा उपचार म्हणून नको.

सकाळी चहा आणि दोन बिस्किटं खाऊन गोळी घेतली तर चालेल ना?

पेनकिलरसाठी दोन मारी बिस्किटं म्हणजे नसण्यापेक्षा बरं. कडक चहा मात्र रिकाम्या पोटी स्वतःच आम्ल वाढवतो, म्हणून आधी खा, गोळी पाण्यासोबत घ्या आणि चहा मागाहून प्या. गरम चहाच्या घोटासोबत गोळी गिळायची सवय तर सोडाच. कॅप्सूलचं आवरण गरमाने चिकट होतं आणि अन्ननलिकेला चिकटू शकतं.

पाळीच्या दिवशी सकाळी इतकं दुखतं की खाववत नाही. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी तशीच घेतली तर?

कॉलेजला जाणाऱ्या मुली हा प्रश्न हळू आवाजात विचारतात, आणि बऱ्याच जणी तशीच गोळी घेऊन मग दिवसभर मळमळीने बेजार होतात. मळमळ पाळीचीही असते, त्यावर रिकाम्या पोटी ही गोळी पडली की दोन्ही वाढतात.

कळा सुरू व्हायची चाहूल आदल्या रात्री लागत असेल तर उशाशी एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा. सकाळी तेवढं खाऊन, ग्लासभर पाण्यासोबत गोळी घ्या, मग गरम पाण्याची पिशवी. कळा शिगेला पोचायची वाट पाहिली तर गोळीही उशिरा लागू पडते आणि दुसरी घ्यावीशी वाटते. दर महिन्याला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त गोळ्या लागत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दम्याचा त्रास असेल किंवा या गटातल्या एखाद्या गोळीने कधी अंगावर पुरळ आलं असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

लोहाच्या गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं. बंद करू का?

बंद करू नका, आधी पद्धत बदलून पाहा. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि ती रोज एक अशी १८० दिवस घ्यायची असते. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. पोटात दुखलं, कोणीतरी घाबरवलं आणि गोळ्या कपाटात पडून राहिल्या, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की त्याचं वाईट वाटतं. बाळंतपणात रक्त कमी असणं हे मळमळीपेक्षा फार मोठं संकट आहे.

रिकाम्या पोटी लोह सर्वांत चांगलं शोषलं जातं हे खरं. पण सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, तरी न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. संध्याकाळच्या हलक्या खाण्यानंतर किंवा रात्री झोपायच्या तासभर आधी घेऊन पाहा. सोबत लिंबूपाणी, पेरू, आवळा, मोसंबी, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आधी-नंतर तास-दीड तास चहा-कॉफी नको, दूध नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, किमान २ तासांच्या अंतराने. तरीही जमत नसेल तर डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात किंवा लोहाचा दुसरा प्रकार देतात.

शौचाचा काळा किंवा हिरवट-काळा रंग लोहामुळे येतो, त्याने घाबरू नका. डांबरासारखं चिकट, दुर्गंधी येणारं काळं शौच मात्र वेगळं. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

अँटिबायोटिक चालू आहे. पोट बिघडलंय. दही-ताक घेऊ का?

घ्या. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि पातळ शौचाला होऊ लागतं. दहीभात, ताजं ताक, मऊ खिचडी हे सोसतं. फक्त औषध सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर दही-ताक आणि गोळी यांत अंतर ठेवा: गोळी आधी, ताक निदान २ तासांनी. जेलुसिल, डायजिनसारखी पातळ अँटासिडं आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या सिप्रोफ्लॉक्सासिनला जास्तच अडवतात, तिथे गोळीनंतर २ तास किंवा गोळीच्या ६ तास आधी असं अंतर लागतं.

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासांबरोबर घ्या. मळमळ कमी होते आणि औषधही नीट शोषलं जातं. ॲझिथ्रोमायसिनची गोळी कशीही चालते, मळमळत असेल तर खाऊन घ्या.

दिवसातून बऱ्याच वेळा पाण्यासारखे जुलाब, शौचात रक्त किंवा ताप आला तर ताक पीत थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

पुराच्या पाण्यातून चालत आलो म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं. गोळी घेतल्यावर छातीत जळजळ झाली. असं का?

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची जी साथ आली, तेव्हापासून हे औषध आपल्याकडे घरोघरी माहीत झालं. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, असं मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगते. कोकणात भातलावणीच्या दिवसांतही ते दिलं जातं.

हे औषध अन्ननलिकेत अडकलं तर तिथेच विरघळून जखम करतं. घोटभर पाण्यासोबत घेतलं आणि लगेच झोपलं की असं होतं. छातीच्या मधोमध जळजळ आणि गिळताना कळ, ही त्याची खूण. म्हणून खाऊन, भरपूर पाण्यासोबत, आणि निदान अर्धा तास ताठ बसून किंवा फिरत राहून. रात्री झोपताना कधीच नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांच्यासाठी शेजाऱ्याची उरलेली गोळी आणू नका, त्यांचा विचार डॉक्टर वेगळा करतात.

मेटफॉर्मिनने जुलाब होतात, तोंडाला धातूची चव येते. साखरेची गोळी बदलावी का?

सुरुवातीच्या आठवड्यांत हे बऱ्याच जणांना होतं आणि पुढे कमी होतं. डॉक्टर म्हणूनच लहान डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. गोळी जेवणाच्या मध्ये घ्या: अर्धी पोळी-भाजी, मग गोळी, मग उरलेलं जेवण. हळूहळू सुटणारी, नावापुढे एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी सहसा पोटाला सौम्य असते, ती बहुधा रात्रीच्या जेवणासोबत देतात आणि ती मोडायची-चावायची नाही. कधी तिचं रिकामं कवच शौचात दिसतं. औषध वाया गेलेलं नसतं, ते आत सुटून गेलेलं असतं.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ ची तपासणी अधूनमधून करा. शाकाहारी घरांत तर नक्कीच, तिथे ते आधीच कमी असतं.

एकादशी, चतुर्थी, नवरात्राच्या उपवासात औषधं कशी घ्यायची?

उपवास करायचा की नाही हे तुमचं. पण औषधाचं वेळापत्रक आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, उपवासाच्या सकाळी नव्हे.

पेनकिलर किंवा स्टेरॉइड चालू असेल तर निर्जळी उपवास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फराळ करणार असाल तर भगर, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, केळं, दूध हे गोळीखाली चांगलं बसतं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, तेल आणि हिरवी मिरची मिळून जड होते आणि अनेकांना तिनेच जळजळ होते, तेव्हा गोळीसाठी तिच्यावर विसंबू नका.

साखरेच्या औषधांचा प्रश्न पोटापुरता नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर इतकी खाली येऊ शकते की माणूस बेशुद्ध होतो. घाम, थरथर, गरगरणं, गोंधळणं यांतलं काही जाणवलं तर उपवास त्या क्षणी सोडा आणि ३-४ चमचे साखर पाण्यात घालून घ्या. रमजानचे रोजे असोत की पर्युषण, हेच लागू. डॉक्टर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारशी जुळवून देतात, डोसही बदलतात, म्हणून महिना उजाडायच्या आधी त्यांना भेटा.

टीबीच्या गोळ्यांनी रोज उलटीसारखं होतं. जेवून घेतल्या तर?

या गोळ्या सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या, कारण रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्ही अन्नासोबत कमी शोषली जातात. पण रोज मळमळून औषध सोडायची वेळ येत असेल तर थोडं हलकं खाऊन घ्यावं. अर्धी वाटी पेज, थोडे मुरमुरे, एक इडली. हे आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगून करा. पातळ अँटासिड सोबत घेऊ नका, आयसोनियाझिड त्यात अडकतं.

किनारपट्टीवरच्या रुग्णांसाठी एक गोष्ट मुद्दाम. आयसोनियाझिड चालू असताना शरीर हिस्टामिन हे खाज आणि लाली आणणारं द्रव्य नीट मोडू शकत नाही. बांगडा, टुना, कुपा हे मासे जरा शिळे झाले की त्यांत हिस्टामिन वाढतं. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड, खाज असं झालं तर मासळी आठवा. ताजी मासळी खा, पण बर्फात रेंगाळलेला बांगडा उपचार संपेपर्यंत नको.

लघवी नारिंगी होणं रिफॅम्पिसिनमुळे, त्याची भीती नको. मळमळीसोबत डोळे पिवळे झाले, भूक पूर्ण गेली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर ती पोटाची कुरबूर नसून यकृताची तक्रार असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा. उपचारात पोट भरलेलं असणं इतकं महत्त्वाचं आहे की निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात. २०१८ मध्ये ५०० रुपयांपासून सुरुवात झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. तुमच्या खात्यात येत नसतील तर केंद्रात विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आईला सकाळी थायरॉइड, ॲसिडिटी, बीपी, कॅल्शियम आणि गुडघ्याची अशा पाच गोळ्या आहेत. एकदम मूठभर घेते.

आईंची मूठ सोडवायला हवी. उठल्यावर थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्यासोबत. अर्ध्या-पाऊण तासाने पॅन्टोप्राझोल. पुढे अर्ध्या तासाने नाश्ता आणि चहा. नाश्त्यानंतर बीपीची आणि गुडघ्याची. कॅल्शियम थेट दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत, कारण थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर लागतं. सकाळी फारच कटकट होत असेल तर थायरॉइडची गोळी रात्री, जेवणानंतर ३ तासांनी घेता येते का हे डॉक्टरांना विचारा.

गुडघ्याची गोळी रोज लागतेय आणि बीपीही आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात.

पोट बिघडू नये म्हणून प्रत्येक औषधासोबत पॅन-४० (म्हणजे पॅन्टोप्राझोल) घेतली तर?

साध्या पॅरासिटामॉलसोबत किंवा ३ दिवसांच्या अँटिबायोटिकसोबत बहुतेकांना तिची गरज नसते. महिनोन्महिने घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ज्यांना खरी गरज आहे, म्हणजे वर सांगितलेले ज्येष्ठ आणि अल्सरचे रुग्ण, त्यांनी मात्र हे वाचून ती बंद करू नये.

ॲस्पिरिन कुटून दिली तर लवकर पचेल का?

हृदयासाठी रोज घ्यायच्या ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनवर बहुधा असं आवरण असतं की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते. कुटली की ते आवरण गेलं. पॅन्टोप्राझोलचंही तसंच. अँटासिडसोबत घेतली तरी आवरण वेळेआधी सुटू शकतं. आजोबांना गिळता येत नसेल तर दुकानात विचारा, पातळ औषध किंवा विरघळणारी गोळी मिळते का ते आम्ही बघतो. छातीत अचानक दुखून डॉक्टरांनी ॲस्पिरिन चावायला सांगितली तर ती गोष्ट निराळी, तिथे तसंच करायचं.

फळं चालतात का?

बहुतेक सगळी. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. गणपतीत प्रसादाची एखादी फोड खाल्ली म्हणून बिघडणार नाही, रोज वाटीभर नको. मोसंबी-संत्र्याला हे लागू नाही.

दारू?

पेनकिलरसोबत दारू म्हणजे जठरातून रक्तस्राव ओढवून घेणं. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकसोबत आणि ते संपल्यावर ३ दिवस अजिबात नको, जोराच्या उलट्या होऊ शकतात. रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉलही विचारूनच घ्यावी, यकृताला धोका असतो.

पोटदुखी कधी साधी नसते?

शौच डांबरासारखं काळं आणि चिकट. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण. पोटात अचानक, सुरी खुपसल्यासारखी कळ आणि पोट कडक होणं. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम. यातलं काहीही दिसलं तर अँटासिड पाजत बसू नका, पेनकिलर थांबवा आणि १०८ ला फोन करून रुग्णालयात पोचा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. हृदयाची ॲस्पिरिन पुढे चालू ठेवायची की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील.

ज्येष्ठांमध्ये अल्सर काहीच न दुखता रक्त घालवतो. आजी महिनाभर गुडघ्याची गोळी घेतायत आणि हल्ली जिना चढताना धापा टाकतायत, चेहरा पांढरा पडलाय, तर हिमोग्लोबिन तपासा.

गोळी घेतल्यावर उलटी झाली. पुन्हा घ्यायची का?

उलटीत गोळी अख्खी दिसली, किंवा घेऊन १५-२० मिनिटंही झाली नसतील, तर बऱ्याच औषधांच्या बाबतीत पोट शांत झाल्यावर, चार घास खाऊन पुन्हा घेता येते. तास उलटून गेला असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. साखरेची गोळी, हृदयाचं औषध, रक्त पातळ करणारं औषध आणि फिटची गोळी यांच्या बाबतीत मात्र स्वतः ठरवू नका, आधी डॉक्टरांना किंवा आम्हाला फोन करा. फोनवर औषधाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा, किती वाजता घेतली आणि आधी काय खाल्लं होतं एवढं सांगितलंत तर उत्तर लगेच देता येतं.